सदतीस काळ्या फुल्या

किनारभूमी प्राधिकरणाच्या तिसऱ्या मजल्यावर, पडदे ओढलेल्या एका गोल खोलीत, पुरुषभर उंचीचा आभासी पृथ्वीगोल तरंगत असे. तो काचेचा नव्हता, नुसत्या प्रकाशाचा होता. तळहात फिरवला की कोकणचा किनारा समोर येई. दोन बोटं फाकवली की एकेक खाडी, एकेक बांध, बांधावरचं झाडही दिसू लागे. आणि या सगळ्यावर चिन्हं पेरलेली असत. प्रत्येक चिन्ह म्हणजे जमिनीत रोवलेला एक खराखुरा मोजणीचा दगड. चिन्हावर बोट टेकवलं की त्या दगडाचं नोंदपत्र उघडे: समुद्रसपाटीपासून उंची किती, तिथं कसं पोचायचं, शेवटचं कोण गेलं आणि त्याला काय दिसलं. हिरवा त्रिकोण म्हणजे भरवशाचा दगड. काळी फुली म्हणजे हललेला, बिघडलेला, मोजणीतून बाद.

ही चिन्हं सुलक्षणा तामणकरांनी तयार केली होती. सत्तावीस वर्षं त्या मोजणीदार होत्या. निम्मं आयुष्य दगड शोधत उन्हात हिंडण्यात गेलं आणि उरलेलं या गोल खोलीत.

श्रावण सरताना एका सकाळी त्यांच्यासमोर धर्माजी घरत उभे होते. शिरळखार गावच्या बांधाची देखरेख त्यांच्याकडे होती. खाडीलगतचं हे गाव मातीच्या बांधाच्या आडोशाने जगत आलं होतं. दर हंगामात घरटी एक माणूस बांधावर जाई आणि खचलेल्या जागी चिखल थापून येई. आता सत्तरीला टेकलेल्या धर्माजींच्या हातात एक नोटीस होती.

"बांध नाय फोरला आमी, मॅडम," ते म्हणाले. "उधानाचा पानी बांधावरशी आला. या डोल्यांनी बघलाय मी."

सुलक्षणाबाईंनी नोटीस वाचली. गेल्या उधाणाला शिरळखारच्या शेतांत खारं पाणी शिरलं होतं. खाडीच्या तोंडावरच्या दीपगृहात भरतीचं मोजमाप होतं. त्या दिवशीची भरती तीन मीटर चाळीस. पृथ्वीगोलावर बांधाची उंची चार मीटर दहा. म्हणजे पाणी वरून येणं शक्यच नाही. म्हणजे गावकऱ्यांनी बांध फोडला. धर्माजींसह बारा जणांवर गुन्हा.

"आनि दुसरा कागुद बघा," धर्माजी म्हणाले. "आमी बांध वारवाची परवानगी मांगली. नाय म्हनले. गोलावर बांध पुरेसा उंच हाय, वर माती टाकाल तर आनखी एक गुन्हा. भादव्याच्या आवशीला मोठा उधान हाय. आमी काय करावा?"

सुलक्षणाबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. नोटिशीवर अपर आयुक्त सबनीस यांची सही होती, आणि सबनीस साहेबांचा गोलावर जितका विश्वास होता तितका स्वतःच्या डोळ्यांवरही नसावा. पण खरं सांगायचं तर विश्वास बाईंचाही होता. गोल त्यांच्याच हाताखाली वाढला होता.

"बांधाजवळ एखादा मोजणीचा दगड आहे का?" त्यांनी विचारलं.

"हाय ना. देवीचे खडपावर."

त्यांनी शिरळखार जवळ आणलं. गावाच्या टोकाला काळा कातळ, कातळावर देवीचं ठाणं, आणि शेजारी काळी फुली. उपग्रहाच्या ताज्या मोजणीनुसार हा दगड आपल्या नोंदवलेल्या उंचीपेक्षा एक मीटर बावीस सेंटिमीटर वर होता. हललेला दगड, हा पुरावा म्हणून चालणार नव्हता. त्यांनी नोंदपत्र खाली सरकवलं. शेवटची भेट, अकरा वर्षांपूर्वी. शेरा: 'हललेला.' सही: सु. रा. तामणकर.

त्यांना तो दिवस लख्ख आठवला. दगड कातळात पक्का होता. त्यांनी बुटाने ढोसूनही पाहिला होता. पण खाडीकाठच्या सगळ्या दगडांची मोजणी एकमेकांशी जुळत होती आणि हा एकटाच अठ्ठेचाळीस सेंटिमीटर वर दाखवत होता. मोजणीदारांच्या तीन पिढ्यांचा रिवाज होता: रांगेतला एक दगड बाकीच्या सगळ्यांशी भांडू लागला, तर दोष त्याचा. त्यांनीही दुसरा विचार केला नव्हता. 'हललेला' लिहून त्या जेवायला गेल्या होत्या.

"धर्माजीभाऊ," त्या म्हणाल्या, "मला चार दिवस द्या."

धर्माजी गेल्यावर त्यांनी एक गोष्ट केली जी इतक्या वर्षांत कुणालाच करावीशी वाटली नव्हती. सगळे हिरवे त्रिकोण विझवले. चार हजारांवर दगड अदृश्य झाले आणि किनाऱ्यावर फक्त बाद दगड उरले. सदतीस काळ्या फुल्या. मग त्यांनी नवं चिन्ह बनवलं: दगड नोंदीपेक्षा वर असेल तर वर टोक केलेला बाण, खाली असेल तर खाली टोक केलेला, आणि फरक जितका मोठा तितका बाण लांब.

सदतीसच्या सदतीस बाण वर टोक करून उभे राहिले.

त्यांनी तडक डॉ. इम्तियाज परकारांना बोलावलं. परकार हे भूगणिती. उपग्रहाच्या आकड्यांतून समुद्रसपाटीची उंची काढण्याची सारी आकडेमोड त्यांची. ते हातात चहाचा कप घेऊनच आले आणि कप तसाच हातात राहिला.

"दगड हलतो तो कशाने?" बाईंनी विचारलं. "ट्रकचा धक्का लागतो, मुळं वाढतात, माती धसते. बहुतेक वेळा कलतो नाहीतर खाली जातो. इथं सदतीस दगड हललेत आणि एकसुद्धा खाली गेला नाही?"

"आणि सगळे कुठे आहेत बघा," परकार हळूच म्हणाले. "देवीचा कातळ, जुना बुरूज, दीपगृहाचं जोतं. सगळे खडकावर. हिरवे मात्र सगळे गाळाच्या मैदानावर."

"इम्तियाज, तुमचा उपग्रह खोटं बोलतो का?"

"उपग्रह नाही बोलत." परकारांनी कप खाली ठेवला. "उपग्रह मोजतो पृथ्वीच्या मध्यापासून. आपल्याला उंची हवी समुद्रापासून. दोन्हींतला फरक जागोजागी वेगळा असतो, म्हणून मी सुधारपट बनवला. दगडाची नोंदवलेली उंची आणि उपग्रहाची उंची, यांची वजाबाकी. दरवर्षी नव्याने करतो, सगळ्या हिरव्या दगडांवरून."

"आणि हिरवा दगडच खचला तर?"

"तर उपग्रहाला तो खाली दिसेल. नोंद मात्र जुनीच. वजाबाकी तेवढी वाढेल आणि..." ते थांबले. त्यांचा चेहरा उतरला. "आणि माझा सुधारपट त्याला गुपचूप उचलून पुन्हा जुन्या उंचीवर नेऊन ठेवेल. एक दगड खचला तर शेजारचे चुगली करतात, मला कळतं. पण सगळं मैदानच दगडांसकट खचलं, तर मला कधीच कळणार नाही."

"आणि जो खचलाच नाही?"

"तो वर आल्यासारखा दिसेल. त्याला आपण बाद ठरवू."

दोघं पुन्हा गोलाकडे वळले. बाण शिरळखारच्या उत्तरेला सर्वांत लांब होते आणि तिथून दूर जावं तसे लहान होत गेले होते. त्या सर्वांत लांब बाणांच्या मधोमध हिमकोश कंपनीचं विदागार होतं. देशभरातल्या लोकांचे फोटो, सिनेमे आणि पत्रव्यवहार साठवणारी यंत्रं तिथं बारा मजले रचलेली होती आणि ती थंड ठेवायला कंपनी अठरा वर्षं मैदानाखालचं पाणी उपसत होती. गाळातलं पाणी काढलं की गाळ दबतो. एवढं तर शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. दीपगृह खडकावर होतं, म्हणून भरतीचा आकडा खरा; बांध मात्र चार मीटर दहावर नव्हता. तो दोन मीटर अठ्ठ्याऐंशीवर आला होता आणि उधाणाचं पाणी राजरोस त्याच्यावरून चालत आलं होतं. ते पाणी अठरा वर्षं खरं सांगत होतं. गुन्हा मात्र ज्यांच्या शेतात ते शिरलं त्यांच्यावर दाखल झाला होता!

सुलक्षणाबाईंना प्रचंड राग आला होता. त्यातला थोडा राग कंपनीवर होता, बराचसा सबनिसांवर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या त्या एका शब्दावर होता.

"नियम काय सांगतो?" परकारांनी विचारलं.

नियम होता, कुणी वापरला नव्हता, इतकंच. मोजणीदाराने दगड पायथ्यापर्यंत उकरून तो खडकात रुजलेला आहे असं दाखवलं, तर त्याला 'अढळ' दर्जा मिळे. अढळ दगडापुढे बाकी हजारोंचं मत चालत नसे. मात्र त्यासाठी स्थलबद्ध सही लागे. घरबसल्या नोंदी भरणाऱ्यांमुळे हा प्रकार सुरू झाला होता: गोल आधी अंगठा तपासे आणि मग पायाखालची जागा. मोजणीदाराची सही दगडापाशी उभं राहूनच होई आणि अधिकाऱ्याची, शिपायापासून आयुक्तापर्यंत, त्याच्या अधिकारक्षेत्रातल्या जमिनीवरच.

बाईंनी रजा टाकली आणि सदतीस दगडांच्या वाटेला लागल्या. होडीने, स्कूटरवर, काही ठिकाणी गुडघाभर चिखलातून. नोंदपत्रात लिहिलेलं वडाचं झाड तोडलेलं असे, पायवाटेवर कुंपण आलेलं असे. प्रत्येक दगड त्यांनी कुदळीने पायापर्यंत मोकळा केला, हात लावून पाहिला, छायाचित्र घेतलं आणि तिथेच सही केली. शिरळखारच्या कातळावर धर्माजींनी स्वतः कुदळ चालवली. एकही दगड हललेला नव्हता. एकही नाही.

सुनावणीला आठवड्यानंतरचा दिवस मिळाला. भाद्रपदी अमावास्येच्या बरोबर आठ दिवस आधीचा. प्राधिकरणाच्या सभागृहात मोठा पृथ्वीगोल लावला होता. एका बाजूला धर्माजी आणि अकरा जण, दुसऱ्या बाजूला हिमकोशचे वकील हर्डीकर. गुन्हा बांधाचा असला तरी पाण्याचा विषय निघणार हे कंपनीने ओळखलं होतं.

सुलक्षणाबाईंनी सगळं सांगितलं. चौदा पानी अहवाल सबनिसांच्या पुढ्यात होता. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि शेवटचं.

"म्हणजे बाई," ते म्हणाले, "चार हजार दगड चुकीचे आणि तुमचे सदतीस बरोबर? लोकशाहीत असं चालतं का?"

"दगड मतदान करत नाहीत, साहेब. ते फक्त जागेवर असतात किंवा नसतात."

"आणि त्यातल्या एकाला तुम्हीच बाद ठरवलं होतं."

"हो. माझी चूक होती. मी दगडाकडे न बघता रांगेकडे बघितलं. बारा माणसं त्याची शिक्षा भोगतायत, म्हणून मी इथं उभी आहे."

सबनीस 'नामंजूर' लिहिणारच होते. तेवढ्यात हर्डीकर उठले. अहवाल त्यांनीही पुरता वाचला नव्हता; एकच पान वाचलं होतं, पण ते शिरळखारचं होतं. ते साहेबांच्या कानाशी वाकले, आणि मग सरळ उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "आमची काही हरकत नाही. बाईंचे दगड खरे मानावेत."

धर्माजींनी चकित होऊन बाईंकडे पाहिलं. साहेबांच्या ओठांवर हसू आलं होतं. त्यांनी अंगठा टेकवला. मंजूर.

गोलावर सदतीस फुल्या शुभ्र ताऱ्यांसारख्या उजळल्या. सुधारपट नव्याने मांडला गेला. मग शिरळखार निळं झालं. शेतं, घरं, विहीर, शाळा, सगळं. फक्त देवीचा कातळ तपकिरी राहिला.

"हे काय?" बाई ओरडल्या.

"कायदा," हर्डीकर प्रेमळपणे म्हणाले. "भरतीरेषेखालची जागा म्हणजे समुद्र. बांध भरतीहून उंच असेल तरच आतली जागा जमीन. तुम्हीच सिद्ध केलंत की बांध भरतीहून सव्वापन्नास सेंटिमीटर ठेंगणा आहे."

"बावन्न," परकार पुटपुटले.

"बावन्न. तेव्हा तिथं जमीन नाही. जमीनच नाही तर कंपनीने ती खचवली हा प्रश्नही उरत नाही. समुद्राचं नुकसान होत नसतं."

अठरा वर्षं ज्यांच्या पायाखालून जमीन काढून घेतली, त्यांना आता सांगण्यात येत होतं की ती कधी तुमची नव्हतीच. आणि या दाव्याचा पुरावा बाईंनी स्वतः, चिखलातून चालत, गोळा करून आणून दिला होता. त्यांना वाटलं, पुढे व्हावं आणि त्या माणसाच्या गुळगुळीत चेहऱ्यावर अहवाल फेकावा.

"तामणकर बाई," परकार त्यांच्या बाहीला धरून म्हणाले, "निळं थांबलं नाहीये."

खरंच थांबलं नव्हतं. कायदा एका गावापुरता नव्हता आणि सुधारपट तर मुळीच नव्हता. निळा रंग खाडीच्या उत्तर काठाने सरकला. हिमकोशची तटबंदी गोलावर साडेचार मीटर होती. एक मीटर तीस वजा होताच ती तीन मीटर वीसवर आली. बारा मजल्यांचं विदागार निळं झालं. दुसऱ्याच क्षणी हर्डीकरांचा फोन वाजला. भूजल उपशाचा परवाना जमिनीचा असतो आणि तो गोलाशी जोडलेला असतो. पंप आपोआप बंद पडले होते.

"बंद करा हे!" हर्डीकर किंचाळले. "साहेब, पूर्वीचं परत आणा!"

सबनिसांनी घाईघाईने अंगठा टेकवला. गोलावर अक्षरं उमटली:

'सही अमान्य. आपण सध्या समुद्रात आहात.'

त्यांनी पुन्हा टेकवला. रुमालाने अंगठा पुसून तिसऱ्यांदा टेकवला. जिल्ह्याचं हे शहरही त्याच गाळाच्या मैदानावर होतं. शहराला पाण्यापासून राखणारा बंदराचा धक्का तीन मीटर नव्वदवरून दोन मीटर नव्वदवर आला होता. सभागृह, जिना, बाहेरची साहेबांची गाडी, सगळं निळ्यात होतं. साहेबांचा अधिकार जमिनीवरचा, आणि साहेब खुर्चीसकट समुद्रात बसले होते.

"शहराचा धक्काही मीटरभर खचलाय, हे नवव्या पानावर आहे," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"मग जमीन कुठे आहे?" सबनीस घामाघूम होऊन म्हणाले. "सगळ्यांत जवळची जमीन कुठे आहे?"

परकारांनी गोलाला विचारलं. निळ्याच्या मधोमध एक तपकिरी ठिपका मोठा झाला.

"शिरळखार. देवीचा कातळ," ते म्हणाले. "तिथं उभं राहून तुम्ही सही करू शकता, साहेब. की तो दगड हललेला आहे."

कुणी हसलं नाही. सबनिसांनी अंगठा मागे घेतला.

धर्माजी पुढे आले. त्यांनी गोलावरच्या आपल्या निळ्या गावाकडे बोट दाखवलं. "मंजे आमी दर्यान राहतंव?"

"कागदावर, हो," बाई म्हणाल्या.

"मग बांध फोरल्याचा गुन्हा?"

"समुद्रातला बांध यांच्या अखत्यारीत येत नाही. गुन्हा उरलाच नाही."

"आनि बांध वारवाची परवानगी?"

बाईंनी सबनिसांकडे पाहिलं. साहेबांनी नजर चुकवली.

"परवानगी द्यायला आता कुणी नाही, धर्माजीभाऊ. म्हणजे अडवायलाही कुणी नाही."

बारा जणांत कुजबुज झाली. धर्माजींनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. ते बाईंच्या जवळ आले आणि त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "पंप बंद झालं. आता जमीन परत वर येल ना?"

सभागृहात हा एकच माणूस असा होता ज्याने पहिल्या दिवसापासून बाईंना खरं सांगितलं होतं. सुलक्षणाबाईंनीही खरंच सांगितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "दबलेला गाळ पुन्हा फुगत नाही. पाणी भरलं तरी नाही. जेवढी गेली तेवढी गेली, भाऊ. कायमची."

धर्माजींनी खांद्यावरचं फडकं झटकलं आणि आपल्या माणसांकडे वळून म्हणाले, "घरटी एक नाय. घरटी सगली. बायकापोरा धरून. आठ दिस हायत." आणि बाईंना विचारलं, "किती वारवाचा, ता सांगा. खरा आकडा सांगा."

"सव्वा मीटर. पूर्ण बांधभर." त्यांनी कोपऱ्यातली मोजणीची पट्टी उचलली. "मी येते. खुणा मीच मारून देते."

"थांबा!" मागून सबनीस ओरडले. "सुनावणी संपलेली नाही! मी आदेश दिल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही!"

कुणीही मागे वळून पाहिलं नाही. बारा माणसं आणि एक मोजणीदार बाई जिना उतरून होडीकडे निघाली. ओहोटी लागायच्या आत त्यांना गावात पोचायचं होतं.